अडीच आणि आधीच

गळ्यात सदानकदा मापाची टेप, म्हणून सगळा रस्ता तिला टेपकाकू म्हणायचा. नवऱ्याच्या मागे शिलाईचं दुकान तिने एकतीस वर्षं चालवलं, आणि त्यातली शेवटची नऊ वर्षं धाकट्या जावेला हाताशी घेऊन. कामाची वाटणी ठरलेली होती. मापं काकूने घ्यायची, कापड धाकटीने कापायचं, शिवायला दोघींनी बसायचं. गिऱ्हाइकं कामावरून सुटून संध्याकाळी येत, आणि धाकटीला तर चारच्या ठोक्याला घरी पळावं लागे, कारण तिच्या आईने अंथरूण धरलं होतं. म्हणून काकूने संध्याकाळी मापं वहीत लिहून ठेवायची आणि धाकटीने सकाळी ती वाचून कात्री चालवायची, असा शिरस्ता पडून गेला होता.

मग काकूचे डोळे गेले. म्हणजे अगदी अंधार झाला नाही. कडा दिसत, मधलं पुसलं जाई. दारात माणूस उभा राहिला की त्याचे खांदे दिसायचे आणि चेहऱ्याच्या जागी धुकं. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं टिकवू, गेलेलं परत येणार नाही. काकूने ऐकून घेतलं, घरी आली आणि दुसऱ्या दिवशी टेपवर दोरा घालायला बसली. इंचाला जाड गाठ, अर्ध्याला बारीक टाका, पावाला आडवी शिवण. आठवडाभरात तिची बोटं टेप वाचायला लागली. धाकटीने तीनदा गुपचूप पडताळून पाहिलं. तिन्ही वेळा माप दोऱ्याइतकंही चुकलं नव्हतं.

लिहिणं मात्र बोटांच्या आवाक्यातलं नव्हतं. ओळीवर ओळ चढायची, सकाळी धाकटीला काही लागायचं नाही. तेव्हा काकूच्या लेकीने, जी दूर दुसऱ्या शहरात नोकरीला होती, फोनमधल्या बोलक्या मदतनिसाचा उपाय सुचवला. आपण बोलायचं, त्याने लिहून घ्यायचं.

"आता आपली भाषाही आलीय त्यात, आई," लेक म्हणाली.

फोनमधला आवाज बाईचा होता, गोड पण जरा शहाणपणा शिकवणारा. काकूने तिचं नाव ठेवलं बया.

बया तशी वाईट नव्हती. गजर लावायची, फोन जोडून द्यायची, उद्या थंडी आहे का ते सांगायची. पण मापं सुरू झाली की तिचं तंत्र बिघडायचं. पहिल्याच सकाळी धाकटी फोन वाचता वाचता हसून बेजार झाली.

"ताई, रखवालदाराच्या बाहीत तेवीस पाहुणे आलेत."

"काय बरळतेस?"

"तुम्ही सांगितलंत पावणेतेवीस. ही लिहितेय, पाहुणे तेवीस. आणि कंबर साडी चौतीस. गडी आता साडी नेसणार म्हणायचा."

काकूलाही हसू आवरेना. सव्वाची सभा झाली होती आणि दीड इंचाचा दीर इंच. "दुमड दीर इंच," धाकटीने वाचलं. "तुमचा दीर म्हणजे माझा नवरा. त्याला कशाला दुमडताय?"

पंधरा दिवसांत दोघींना बयेची बोली पाठ झाली. पाहुणे दिसले की पावणे समजायचे, सभा दिसली की सव्वा. गाडं रुळावर आलंसं वाटलं.

रस्त्याच्या टोकाला एक संगीतशाळा होती. तिथल्या व्हायोलिनवाल्या बाई खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनी पहिल्यांदा मंचावर एकट्याने वाजवणार होत्या. त्यांनी काळ्या कोटाचं कापड आणलं. मऊ, जड, हाताला पाण्यासारखं लागणारं. आणताना सांगितलं होतं, या ताग्यातला हा शेवटचा तुकडा.

"मला दिसायला कसाही चालेल," बाई म्हणाल्या, "पण हात वर गेला पाहिजे."

काकूने त्यांना वाजवायच्या पवित्र्यात उभं केलं, कोपर वर, मान कलती. पाठीवर खांद्यांच्या दोन्ही फऱ्यांमधून बोटं फिरवली आणि फोनला सांगितलं, "पाठीत अडीच जादा सोड."

सकाळी धाकटीने वाचलं: पाठीत आधीच जादा सोड. आता यात हसण्यासारखं काही नव्हतं. जादा सोडायचं ते ताईंनी मापात आधीच धरलंय, असा तिने सरळ अर्थ काढला आणि कापड कापलं.

पहिल्यांदा घालून बघायला बाईंनी कोट चढवला, आरशासमोर उभ्या राहिल्या, डावा हात वर नेला, आणि काखेतून शिलाई फाटल्याचा आवाज आला. बाई हात तसाच ठेवून उभ्या राहिल्या. "आठ दिवस आहेत," एवढंच म्हणाल्या.

त्या गेल्यावर धाकटी टेबलाला टेकून रडायला लागली. "माझ्याच हाताने कापलं मी. विचारायचं तरी एकदा."

"फोन वाच परत," काकू म्हणाली.

धाकटीने वाचलं. काकूने पुन्हा वाचायला लावलं, मग तिसऱ्यांदा. मग खुर्ची ओढून बसली.

"तुझी चूक नाही आणि माझीही नाही. साडी लिहिलं की आपण हसतो, म्हणून सावध होतो. हे वाक्य तर शहाण्यासारखं दिसतंय. कुणीही फसेल. डोळे पूस आणि उरलेले तुकडे काढ."

उरलेल्या चिंध्यांतून आणि आतल्या पट्टीतून त्यांनी जोडायला चार कळ्या, म्हणजे निमुळते तुकडे, काढल्या. दोन काखेत, दोन पाठीच्या शिवणीत. सात दिवस दुकानात दुसरं काम झालं नाही. कार्यक्रम झाला, बाईंचा हात हवा तिथे गेला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या काकूने काही वाजवल्या नाहीत. अंधुक कडांतून तिला फक्त व्हायोलिनचा वरखाली होणारा गज दिसत होता, आणि ती मनात त्या चार कळ्यांवरून बोटं फिरवत होती. जिथे जोड नको होता तिथे जोड होता.

शेजारच्या औषधवाल्याने उपाय सांगितला. "काकू, तिच्या कलाने घ्या की. दोन पॉइंट पाच म्हणा."

काकूने दोन दिवस तेही करून पाहिलं. बोटं साडेसोळावर थांबायची, तोंडाने सोळा पॉइंट पाच म्हणायचं. पावणेतेवीसला तर तिला उभं राहून हिशेब करावा लागे, बावीस की तेवीस, पंचवीस की पंच्याहत्तर. तोवर टेप हातातून निसटायची. दुसऱ्या संध्याकाळी एका पँटची कंबर तिने स्वतःच एक इंचाने चुकवली. एकतीस वर्षांत असं झालं नव्हतं.

"बस झालं," ती धाकटीला म्हणाली. "डोळे गेले ते माझ्या हातात नव्हतं. जीभ माझी आहे. ती नाही बदलायची. बयेला शिकू दे."

"यंत्राला कोण शिकवणार, ताई?"

"ज्याने केलंय तो."

तिने कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडच्या मुलीने नम्रपणे सांगितलं, "मॅडम, आपली भाषा आमच्याकडे उपलब्ध आहे."

"आहे ना, मला माहीत आहे. पण तिला अडीच कळत नाही."

"आपण भाषा निवडली आहे का?"

"बाळ, मी भाषा निवडली नाही. मी जन्मले तेव्हापासून तीच आहे."

चार दिवसांनी उत्तर आलं की तक्रारीचं समाधान झालं आहे. काकूने पुन्हा फोन केला. पुन्हा समाधान झालं. पाचव्यांदा समाधान झाल्यावर तिने धाकटीला विचारलं, "या लोकांचं ऑफिस असतं कुठे?"

शोधल्यावर कळलं, भाषांचं काम बघणारी शाखा याच शहरात होती, बसने चार थांबे. मंगळवारी दोघी दुकानाला कुलूप लावून निघाल्या. सातव्या मजल्यावर काचेच्या दाराशी एक मुलगी म्हणाली, भेटीची वेळ घेतल्याशिवाय आत सोडता येत नाही.

"मग आत्ता घेते. कधीची मिळेल?"

"कुणाला भेटायचंय?"

"ज्याला अडीच म्हणजे किती ते माहीत असेल त्याला."

मुलगी आत विचारायला गेली. काकू बाकावर बसली, पिशवीतून एक बाही काढली आणि चाचपत टाके घालू लागली. दोन तास बसली. धाकटी लाजून अर्धी झाली होती. शेवटी आतून तिशीतली एक बाई आली, चष्मा डोक्यावर चढवलेला, पायात मऊ बूट. आपल्या भाषेचं काम तिच्याकडेच होतं. तिने दोघींना एका छोट्या खोलीत नेलं आणि, याचं काकूला नवल वाटलं, सगळं ऐकून घेतलं. चार कळ्यांपर्यंत.

मग ती मॅडम म्हणाली, "खरं सांगू का? यंत्राला शिकवायला आम्ही हजारो वाक्यं माणसांकडून वाचून घेतो. ती वाक्यं मुख्य ऑफिसातून येतात, दुसऱ्या भाषेत. आम्ही भाषांतर करतो. त्यात आकडे असतात, दोन, टिंब, पाच. वाचणारा वाचतो दोन पूर्णांक पाच. अडीच कुणी वाचतच नाही, कारण ते लिहिलेलंच नसतं."

"मग लिहा."

"मी दोनदा मागणी केली. वरून विचारतात, वापर किती? आमच्या नोंदींत लोक हे शब्द फोनशी बोलताना फारसे वापरत नाहीत."

"कसे वापरतील? एकदा बोलून बघतात, ती साडी नेसवते, पुढच्या वेळी माणूस गप्प बसतो. दार लावून घ्यायचं आणि म्हणायचं, कुणी येतच नाही."

तेवढ्यात एकाने दार उघडून डोकं आत घातलं. "मॅडम, अडीचची मीटिंग सुरू होतेय."

आधी धाकटी हसली, मग मॅडम. तो बिचारा गोंधळून निघून गेला.

"मला माणसं लागतील," मॅडम म्हणाली. आता तिचा आवाज बदलला होता. "निदान साठ. वेगवेगळ्या वयाची, वेगवेगळ्या कामांची. संमतीचा कागद प्रत्येकाचा. कुणी वाचून दाखवायचं नाही, आपसूक बोललं पाहिजे. आणि शांत खोली हवी. आमची ध्वनिखोली तीन महिने भरलेली आहे. तिमाहीची बैठक पाच आठवड्यांवर आहे. तेवढ्यात जमलं तर मी ते घेऊन भांडेन."

"माणसं मी आणते," काकू म्हणाली. "खोलीही आहे."

खोली म्हणजे दुकानामागची कपडे घालून बघायची जागा. तीन बाजूंना कापडाचे तागे, चौथ्या बाजूला जाड पडदा, वर टांगलेले कोट. मॅडम आपलं ध्वनियंत्र घेऊन आली, आत उभी राहून टाळी वाजवली आणि पुन्हा वाजवली. आवाज जागच्या जागी विरला. "आमच्या खोलीला भिंतीतून घुमारा आहे," ती म्हणाली. "इथे नाही."

माणसं मिळवायला काकूला लांब जावं लागलं नाही. रस्ता तिने एकतीस वर्षं मापलेला होता. पहिला आला सुतार. दुकानात तोंडाचा पट्टा थांबत नसे, पण ध्वनियंत्रासमोर उभा राहिल्याबरोबर त्याचा खांब झाला. घसा खाकरून म्हणाला, "मी आपणास असे सांगू इच्छितो की, फळीची लांबी..." आणि अडकला. त्याच्यामागून आलेल्या परिचारिकेचंही तेच. शाळेच्या बक्षीससमारंभात बोलल्यासारखी बोलू लागली. मॅडमने कपाळाला हात लावला.

काकूने गळ्यातली टेप काढली. "हात बाजूला घे," ती सुताराला म्हणाली.

"मला काही शिवायचं नाही, काकू."

"शिवू नकोस. माप घेऊ दे. खिडकी किती रुंद बसवलीस म्हणे त्या दवाखान्याची?"

"कुठली? ती मागची? ती साडेतीनची होती हो, त्यांनी चौकट आणली पावणेचारची. म्हटलं, पाव फूट भिंत फोडू की काय मी? मग दीड दिवस नुसता रंधा मारत बसलो."

पडद्यामागे मॅडम यंत्रावरचा लाल दिवा बघत होती. तिने हाताने खूण केली, चालू ठेवा.

मग तेच सुरू झालं. काकू माप घेई आणि विचारी. माणूस हात पसरून उभा राही आणि बोले. अंगाला टेप लागली की माणसाला आपण कुठे उभे आहोत याचा विसर पडायचा. बसआगाराचा वेळ नोंदवणारा पावणेसातच्या गाडीबद्दल तावातावाने बोलला. काचवाला सव्वा सुताच्या फरकाने फुटलेल्या काचेबद्दल. एक तरुण आई अडीच महिन्यांचं बाळ खांद्यावर घेऊन आली, आणि बाळ मध्येच रडलं तेही मॅडमने ठेवून घेतलं. परिचारिका दुसऱ्यांदा आली आणि दीड गोळी द्या म्हटल्यावर अडीच गोळ्या देणाऱ्या नातेवाइकांचं सांगताना इतकी चिडली की काकूला टेप धरून ठेवावी लागली. औषधवालाही आला. "मी चुकीचा सल्ला दिला होता," असं काही तो म्हणाला नाही, पण तासभर थांबला आणि स्वतःच्या तीन मेहुण्यांना घेऊन आला.

सगळं सुरळीत झालं असं नाही. कागदावर सही करायला काही जण बिचकले. आवाज कुठे जाणार, कोण ऐकणार, असं विचारून दोघं परत गेले, आणि काकूने त्यांना आग्रह केला नाही. एका आठवड्यात जेमतेम पाच माणसं झाली. शिवायची कामं साचत गेली. धाकटी एकदा वैतागून म्हणाली, "ताई, आपण शिंपी आहोत की शाळा काढलीय?"

"तू अजून बोलली नाहीस," काकू म्हणाली.

"मी काय बोलू?"

"ये इकडे. हात पसर."

धाकटी पडद्याआड गेली. काकूने तिच्या पाठीवर टेप धरली, नऊ वर्षांत पहिल्यांदाच. "काळ्या कोटाचं सांग," ती म्हणाली.

धाकटीने हळूहळू सगळं सांगितलं, कापड कसं होतं, अडीच इंच कुठे हवे होते, कात्री कुठून गेली, ती रात्र तिने आईच्या उशाशी कशी काढली. काकूने मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. टेप मात्र पाठीवरून काढली नाही.

एकोणतिसाव्या दिवशी त्रेसष्टावं माणूस झालं. मॅडम बैठकीला गेली आणि दोन दिवसांनी तिचा फोन आला. तिने वरच्यांना आकडे दाखवायच्या आधी धाकटीचा आवाज ऐकवला होता, सोबत त्यांच्या भाषेत अर्थ लिहून. त्यांनी होकार दिला होता. काम व्हायला चार महिने लागतील.

चार महिन्यांच्या जागी पाच लागले. मग एका सकाळी धाकटी फोन वाचायला बसली आणि वाचता वाचता तिचा आवाज संथ झाला. "खांदा साडेसोळा. दुमड दीड इंच. पाठीत अडीच इंच जादा सोड." तिने वर पाहिलं. "ताई, सगळं जसंच्या तसं आहे."

"पुढे वाच. कंबर?"

"कंबर तीस पूर्णांक पंच्याहत्तर."

काकूचा हात थांबला. "मी पावणेतीस सांगितली. म्हणजे एकोणतीस आणि पाऊण. ही बया पाव काढायच्या ऐवजी पाऊण घालतेय."

पाहुणे गेले होते आणि त्यांच्या जागी दिसायला अगदी चोख असा आकडा आला होता, पुरता एक इंच चुकीचा. काकूने तिथल्या तिथे मॅडमला फोन लावला. मॅडम म्हणाली, चूक आमच्याही लक्षात आलीय, पण दुरुस्ती आता पुढच्या तिमाहीत.

"तोवर किती जणांची खिडकी चुकेल, किती जणांची गोळी?"

"मी काय करू शकते, काकू? तिला अजून नीट येत नाही."

"येत नाही तर विचारू दे. धाकटी कामाला लागली तेव्हा तिलाही सगळं येत नव्हतं. ती विचारायची. न विचारता कापणारा माणूस मी दुकानात ठेवत नाही."

मॅडम म्हणाली, "विचारायला लावणं सोपं आहे. त्याला तिमाहीची वाट बघावी लागत नाही."

ते तीन आठवड्यांत झालं. आता कुणीही पावणे म्हटलं की बया थांबते आणि आकडा सांगून विचारते, बरोबर का? कधी चुकलं असलं तर काकू सुधारते, नाहीतर हो म्हणते. दिवसाला वीसपंचवीस वेळा म्हणते, आणि त्याचा कंटाळा करत नाही. दर बुधवारी तिसऱ्या प्रहरी पडद्यामागे पावणेवाली माणसं येतात, कारण मॅडमला अजून चाळीस हवी आहेत, आणि आतापर्यंत सतरा झाली आहेत.

परवा एक नवीन गिऱ्हाईक आलं होतं, उंच, घाईतला माणूस. काकूने बाही मापली आणि फोनला सांगितलं, पावणेचोवीस. फोन म्हणाला, "तेवीस पूर्णांक पंच्याहत्तर. बरोबर का?"

"हो," काकू म्हणाली.

"हे काय विचारत बसलंय?" गिऱ्हाइकाने विचारलं.

"नवीन आहे कामावर," काकू म्हणाली, आणि टेपची पुढची गाठ चाचपत त्याच्या दुसऱ्या हाताकडे वळली. "सरळ उभे राहा."